त्याच जागी पुन्हा फोड, पुन्हा ओला गालिचा: जुन्या एमजीबीत शिरणारं पाणी शोधताना

दर वर्षी नवरात्राच्या सुमारास माझ्या गाडीला फोड यायचे. डाव्या पुढच्या मडगार्डचं अगदी खालचं टोक, दाराच्या पुढची चार बोटं जागा. तीन वेळा ती घासून, पुट्टी भरून, रंगवून घेतली आणि तिन्ही वेळा पुढचा पावसाळा सरला की फोड तिथेच हजर. आत डाव्या बाजूचा पायाखालचा गालिचा कायम दमट. फोडांसाठी मी पेंटरकडे जात होतो, गालिच्यासाठी सीटकव्हरवाल्याकडे. दोघांनी आपापलं काम मनापासून केलं आणि दोघांचंही काम वाया गेलं, कारण दुखणं एकच होतं. गाडीत पाणी शिरत होतं आणि ते कुठून शिरतंय हे न शोधता मी त्याच्यावर रंग आणि कापड चढवत होतो.

गाडी १९६७ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे कापडी टपाची उघडी गाडी, ओल्ड इंग्लिश व्हाइट रंगाची. काकांनी मुंबईहून सेकंड हँड आणलेली, त्यांच्यामागे माझ्याकडे आली. इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात एमजीबी बनत होती आणि पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या, म्हणून पत्र्याचे सुटे भाग आजही नवे मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था तर १९८८ पासून मूळच्या साच्यांवर अख्खी बॉडी बनवून देते. ते सगळं परदेशातून मागवावं लागतं. वडोदऱ्याहून तासाभरावर हालोलला एमजीचा कारखाना आहे, पण तिथे आजच्या गाड्या बनतात. आपल्या गाडीला इथे उपयोगी पडतो तो मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला पत्रा वाकवून देणारा कारागीर, आणि आपली स्वतःची नजर.

नजर हा शब्द मुद्दाम वापरलाय. खर्च वेल्डिंगला होतो, पण गाडी वाचते ती पाणी शोधण्यात घालवलेल्या दोन रविवारांमुळे.

आधी हात लावून बघा

गालिचा ओला दिसला की सगळे पावसाला बोल लावतात. थांबा. ओल बोटावर घेऊन चोळा.

नुसतं पाणी असेल तर बोट थोड्या वेळात सुकतं. बोट बुळबुळीत राहिलं, सुकायचं नाव घेईना, आणि पेडलच्या मागच्या पत्र्याचा रंग नखाने सोलून निघत असेल तर ते ब्रेक फ्लुइड आहे. एमजीबीत ब्रेक आणि क्लच दोन्हींचे मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायांपुढच्या पेटीत असतात. त्यांची सील गेली की फ्लुइड पेडलवरून ओघळत थेट पायाखाली येतं आणि वाटेतला रंग खात येतं. अशी गाडी रस्त्यावर काढू नका, तो रंगाचा प्रश्न उरत नाही, ब्रेकचा होतो. तिसरी शक्यता कूलंटची: चिकट, बहुधा हिरवट, गोडसर वासाचं. म्हणजे हीटरचं मॅट्रिक्स (त्याचा छोटा रेडिएटर) किंवा त्याचा होज गळतोय. कूलंट विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, तेव्हा लगेच पुसून घ्या.

माझ्याकडे साधं पाणीच होतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत पाणी आलं. नंतर गालिचा ओला दिसला तेव्हा साहजिकच मी पुराला दोष दिला. पण गाडी उंच ओट्यावर होती आणि टायरला चिखलाची रेघसुद्धा नव्हती. पुराचं पाणी गाळ सोडून जातं. आतलं पाणी स्वच्छ होतं, वर कडुनिंबाची दोन-तीन पिवळी पानं. ती पानं मी झटकून टाकली. तिथेच उत्तर होतं आणि ते मी फेकून दिलं याची आजही चुटपुट लागते, कारण त्यानंतर पूर्ण एक वर्ष पत्रा सडत राहिला.

पुढच्या वर्षी मला हलवलं ते काकूंनी. गणपतीत आमच्याकडे आल्या होत्या, हौसेने गाडीत बसल्या आणि लगेच उतरल्या.

"काय रे, गाडीत ओलं पोतं ठेवलंयस का?"

"नाही काकू, आठवडाभर पाऊस पण नाही."

"मग वास कसला? यांच्या वेळी गाडीला चामड्याचा वास यायचा. हे काहीतरी कुजतंय बघ."

आठवडाभर पाऊस नसताना वास येतो, म्हणजे ओल गालिच्याच्या खाली साठलेली आहे. मी गालिचा उचलायला गेलो तर तो उचलेना. आधीच्या कामात तो सोल्युशन लावून पत्र्याला चिकटवला होता. कोपऱ्यातून ओढला तेव्हा खालचा फेल्ट पिळल्या फडक्यासारखा हातात आला आणि त्याच्या पाठीला तपकिरी पापुद्रे चिकटले होते. ते पापुद्रे म्हणजे गाडीची फरशी.

फोडांची भाषा

फोड सगळे सारखे नसतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. पेंटरशी बोलायच्या आधी हे ओळखता आलं तर निम्मा वाद वाचतो.

अख्ख्या पॅनेलभर मोहरीएवढे किंवा त्याहून बारीक फोड असतील तर पत्रा बहुधा ठीक आहे. रंगाच्या थरात पाणी अडकलंय. पुट्टीवर ओला पॉलिश पेपर मारून ती पुरती सुकायच्या आत प्रायमर ओढला, किंवा पावसाळी हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत जमलेलं पाणी बंदुकीतून रंगासोबत आलं, की असं होतं. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, हे बरेच जण विसरतात. रंग मारल्या मारल्याच सुरकुत्या पडून वर उचलला गेला असेल तर खालच्या जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटला वरच्या टूके (दोन घटकांच्या) रंगाच्या थिनरने उचललंय. आणि फोड वाटाण्याएवढे, ओबडधोबड, जोडाच्या किंवा कडेच्या रेषेवर असतील, फोडल्यावर आत तपकिरी भुकटी निघत असेल, तर तो पत्र्याच्या पाठीमागून आलेला गंज आहे. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, ते फुगतं आणि वरच्या रंगाला ढकलतं. अशा फोडाला बाहेरून औषध नाही.

मकरपुऱ्याचे मिस्त्री हे एका वाक्यात सांगून मोकळे झाले. त्यांनी फोडावर टॉर्च धरली, टोच्याने दाबलं, टोच्या आत गेला. "काट तो अंदरथी आवे छे, साहेब." गंजाला आम्ही बडोदेकर मराठीतही काटच म्हणतो. त्यांच्याआधी तीन पेंटर ती जागा बघून गेले होते, पण टोच्या कोणी लावला नव्हता.

लोहचुंबक घेऊन हिंडा. पातळ कागदाआडून चुंबक पकडला तर खाली पत्रा आहे, नुसताच घसरला तर पुट्टी. माझ्या मडगार्डच्या खालच्या टोकाला तो चिकटेचना. एक सावधगिरी: चुंबक बॉनेटला लावून घाबरू नका. सुरुवातीच्या एमजीबींचं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं असतं. मला एका जाणकार गृहस्थांनी "सगळं बॉनेट पुट्टीनेच बनवलंय" असं छातीठोकपणे सांगितलं होतं आणि मी दोन रात्री नीट झोपलो नव्हतो.

पाणी शोधणं

सीटा काढा. चार-चार बोल्ट आहेत, ते गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल घालून ठेवा. गालिचे, फेल्ट, दारांचे आतले पुठ्ठे, सगळं बाहेर. फरशी उघडी करून दोन दिवस पंखा लावून सुकवा. मग फरशीवर वर्तमानपत्राचे कागद अंथरा, कडा सिलपर्यंत, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीपर्यंत, नेऊन. कागदावर पहिला थेंब पडल्याचा डाग स्पष्ट उमटतो आणि सुकल्यावरही राहतो. म्हणजे तुम्ही आत बसून नसलात तरी साक्षीदार राहतो.

आता पाणी. सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रेशरचा पाइप घेऊन एकदम अख्खी गाडी धुणं. मग सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. बागेचा साधा पाइप घ्या, धार मंद ठेवा, खालून सुरुवात करा आणि वर चढत जा. आधी फक्त सिलची रेघ, दहा मिनिटं. मग दाराचा खालचा भाग. मग दाराची काच. मग पुढच्या काचेच्या चौकटीचा तळ, तिच्या दोन्ही खांबांच्या बुडाची रबरं. सगळ्यात शेवटी कापडी टप. प्रत्येक वेळी एक जण टॉर्च घेऊन आत. माझी मुलगी आत होती, तिला सांगितलं होतं की ओरडायचं नाही, जिथे चमकेल तिथे खडूने खूण करायची.

सिलवर काही नाही. दारावर थोडं. काचेच्या चौकटीवर काही नाही. मग मी बॉनेट आणि काच यांच्यामधल्या हवेच्या जाळीवर एक तांब्या पाणी ओतलं.

या जाळीखाली एक पेटी आहे. बाहेरची हवा तिथून हीटरकडे आणि आत येते, आणि हवेसोबत पाऊसही येणारच हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून पेटीच्या तळाला रबरी नळी आहे, ती खाली गिअरबॉक्सच्या बोगद्यात सोडलेली असते. जाळीत ओतलेलं पाणी दोन-चार सेकंदांत गाडीखाली पडलं पाहिजे. माझं पडलंच नाही. दुसरा तांब्या ओतला. गाडीखाली कोरडं ठणठणीत. तिसऱ्या तांब्याला आतून मुलगी म्हणाली, "बाबा, इथून!" डॅशबोर्डखालच्या हवेच्या झडपेच्या कडेने पाणी पडदा धरल्यासारखं गळत होतं आणि डाव्या बाजूच्या कागदावर पसरत होतं. ओटा डाव्या अंगाला किंचित उतरता आहे, म्हणून उजवीकडचा गालिचा इतकी वर्षं सुटला.

नळी खालून काढली. ती रबराची नळी राहिलीच नव्हती, कडुनिंबाच्या पानांचं आणि काड्यांचं काळं घट्ट बूच झालं होतं. सायकलच्या चाकाची तार वळवून हलके हलके ते ओढून काढलं तेव्हा पेटीत साठलेलं सगळं पाणी माझ्या मनगटावरून वाहून गेलं. हा एवढा अंगठ्याएवढा ऐवज. ज्या शहराचं नावच वडावरून पडलं तिथे झाडाखाली गाडी लावायची नाही असं मी कोणाला सांगणार नाही, मीही लावतो. पण जाळीखाली बसेल अशी बारीक स्टीलची जाळी कापून घाला, मच्छरजाळीसारखी फार बारीक नको, आणि जेठ संपायच्या आत एक तांब्या ओतून बघा. नळीच्या वरच्या टोकाला तार घुसवताना जोर करू नका. जुनं रबर फाटलं तर पाणी पेटीच्या बाहेर पडून आतच येतं. नळी स्वस्त आहे, नवी घालून टाका.

दाराचं कारण वेगळं आणि छोटं. काच खाली-वर होते त्या फटीतून पाणी दारात जाणारच, तसंच ते बनवलंय. दाराच्या तळाला भोकं असतात, तिथून ते निघून जातं. पुठ्ठ्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो पाण्याला आत वळू देत नाही. माझ्या डाव्या दारात तो कागद नव्हताच; कधीतरी काचेचं मशीन दुरुस्त करताना फाडला गेला आणि परत कोणी लावला नाही. भोकांमध्ये अंडरकोट भरलेला. जाड पॉलिथिनचा कागद कापा, खालची कड दाराच्या फटीतून आत सोडा म्हणजे पाणी दाराच्या आतच उतरेल, बाकी तीन बाजू ब्युटाइलच्या चिकट पट्टीने बसवा. भोकं तारेने मोकळी करा. अर्ध्या तासाचं काम.

मडगार्डच्या पोटात

आता फोडांकडे येतो, कारण आतलं पाणी हे फोडांचं अर्धंच कारण होतं.

एमजीबीचं पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं असतं, वेल्डने नाही. पुढच्या चाकाच्या मागे मडगार्डच्या आत एक उभा पत्रा आहे आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी. चाकाने उडवलेला चिखल या पत्र्याने अडवायचा, मागच्या पोकळीत जाऊ द्यायचा नाही. पट्टी वाळून तडकली की चिखल मागे जातो, मडगार्डच्या तळाशी बसतो आणि कधीच बाहेर येत नाही. मी मडगार्ड उतरवलं तेव्हा आतून दोन घमेली माती निघाली. सप्टेंबरअखेर, वर सगळं कोरडं, आणि ती माती कुंडीतल्या मातीसारखी ओली.

नेमकं तिथेच सिलचं पुढचं टोक मडगार्डच्या आड लपलेलं असतं. बाहेरून चिखलाची ओल, आतून फरशीवर तुंबलेलं पाणी. दोन वाटांनी आलेलं पाणी एका जोडावर भेटत होतं आणि मी वरून पुट्टी भरत होतो.

मडगार्ड उतरवताना खालचे बोल्ट तुटणार हे धरून चाला. आठवडाभर आधीपासून पेनिट्रेटिंग ऑइल घाला, आणि तरीही हलला नाही तर पाना फिरवत बसू नका, ग्राइंडरने डोकं उडवा. आत अडकलेलं बोल्टचं अंग नंतर ड्रिलने निघतं. पिळवटलेला पत्रा सरळ होत नाही.

सिल कापायच्या आधी

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण इथली चूक दुरुस्त होत नाही.

या गाडीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला पक्कं छप्परही नाही. गाडी मधून वाकू नये ही सगळी जबाबदारी बोगद्यावर आणि दोन्ही बाजूंच्या सिलवर. सिल म्हणजे एक पत्रा नव्हे: बाहेरचा दिसणारा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, जिची कड किल्ल्याच्या तटासारखी दातेरी असते. त्या दातांमधून सिलच्या पोटातलं पाणी खाली निथळतं. कोणीतरी हौसेने खालून जाड डांबरी कोट मारला की ते दात बंद होतात. डांबर वर्षा-दोन वर्षांत तडकतं, तड्यांतून पाणी आत जातं आणि मागे अडकून बसतं. खालून काळीकुळकुळीत, गुळगुळीत गाडी दिसली की मला आता धास्ती वाटते.

गंजलेल्या सिलवरून नवा पत्रा चढवून वेल्ड मारायची एक पद्धत आहे. स्वस्त पडते, दोन दिवसांत होते, बाहेरून सुंदर दिसते. करू नका. आतला गंज जिवंत राहतो आणि जोर घेणारा पत्रा तोच सडका राहतो.

कापायच्या आधी गाडीला आधार तिच्या धुरांखाली (अ‍ॅक्सलखाली) द्या, चाकांवर वजन असल्यासारखा, जमिनीला समतल. मधोमध जॅक लावू नका. दाराच्या पोकळीत बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा आणि एक तिरपा आधार वेल्ड करून घ्या. त्याआधी दार बंद करून त्याच्या मागच्या फटीचं माप घ्या, वर, मध्ये, खाली, आणि पेन्सिलने मडगार्डवर लिहून ठेवा. वरची फट खालच्यापेक्षा अरुंद झालेली असेल तर गाडी आधीच मधून खचली आहे, आणि तिला तशीच वेल्ड केली तर ती तशीच कायमची होईल. आम्ही मापं घेतली तेव्हा वर आणि खाली दोन मिलिमीटरचा फरक होता. मिस्त्रींनी आधार जुळवून फट समान केली, मग पाइप ठोकला. एका वेळी एकच बाजू. डावी पुरी झाल्याशिवाय उजवीला हात नाही.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड) घ्या, अठरा ते वीस गेज. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) नको, वेल्ड करताना जस्त जळतं, धूर अंगात ताप आणतो आणि सांधाही नीट बसत नाही. मिग वेल्डिंग असेल तर उत्तम, गॅसच असेल तर एक बोट इथे, एक बोट तिकडे, मधे गार होऊ देत. सलग ओढलं की लांब पत्रा लाटेसारखा वळतो. बॅटरीची तार काढून ठेवा. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटांच्या मागे तळाशी असतात, बऱ्याच जणांनी एकच बाराची करून घेतलेली असते. पेट्रोलची टाकी मागे डिकीखाली आहे. मागच्या टोकाकडे वेल्ड करायचं असेल तर टाकी उतरवून दूर न्या, नुसती रिकामी करून भागत नाही, वाफ राहते.

रंग

यात फार नवं सांगण्यासारखं नाही, फक्त क्रम मोडू नका. उघडा पत्रा घासून, मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रवाने पुसून, त्याच दिवशी दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर. पुट्टी त्याच्यावर, त्याच्याखाली नाही. गंज बदलणारं फॉस्फोरिक अ‍ॅसिड वापरलंत तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते धुऊन, पूर्ण सुकवूनच इपॉक्सी. उरलेलं अ‍ॅसिड इपॉक्सीला पकडू देत नाही. रेड ऑक्साइडवर माझा राग नाही, घराच्या ग्रिलला तेच लावतो, पण ते ओल आरपार जाऊ देतं आणि माझ्या तिन्ही फसलेल्या रंगांखाली तेच होतं. पेंटरला रोज सकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढायला लावा आणि लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर आहे का बघा. आपल्याकडे हे काम दिवाळीनंतर धरावं, हवा कोरडी असते. उत्तरायणाचे (संक्रांतीचे) दिवस सोडून तारीख ठरवा, त्या दोन दिवसांत बडोद्यात कोणी कामाला नसतो.

रंग झाल्यावर सिलच्या पोटात मेण सोडायचं. लांब लवचीक नळीच्या टोकाला बारीक फवारा असलेलं कॅव्हिटी वॅक्स मिळतं. रंग पुरता पिकल्यावर, कोरड्या गरम दिवशी, सिलच्या दोन्ही टोकांकडून आत घालून मागे ओढत फवारा, कॅसल रेलच्या दातांतून थेंब गळेपर्यंत. गळून गेल्यावर ते दात पुन्हा तारेने मोकळे करा. जुन्या गॅरेजांत जळकं इंजिन ऑइल ओततात. त्यात इंजिनातलं आम्ल आलेलं असतं, ते रबरंही फुगवतं. मला ते पटत नाही.

गालिचा परत घालताना

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसला जुन्या गाड्यांचं ते मोठं '२१ गन सल्यूट' प्रदर्शन भरलं होतं. तिथे मी तासभर एकाच गाडीपाशी उभा होतो, कारण तिच्या मालकाने माझ्यासमोर पायाखालचा गालिचा चटकन उचलून खालची फरशी दाखवली. टिचबटणं. एमजीबीलाही मुळात तेच असतं. चिकटवलेला गालिचा बघायला बरा दिसतो, पण खाली काय चाललंय ते झाकून टाकतो.

रावपुऱ्यातले आमचे सीटकव्हरवाले दादा सोल्युशनच्या बाजूचे होते. "चिकटवला तर चुण्या पडत नाहीत, भाऊ." चुण्यांचं त्यांचं म्हणणं खरं आहे. तेव्हा मधला मार्ग काढला: बोगद्यावरचा आणि सिलवरचा उभा गालिचा चिकटवला, पायाखालचे चारही तुकडे टिचबटणांवर. खाली तागाचा फेल्ट घातला नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि वर पत्ताही लागू देत नाही. त्याऐवजी बंद छिद्रांचा फोम, जो पाणी पीत नाही. सीटचं चामडं वाचलं, शिवण उसवली होती तेवढीच जुन्या भोकांतून परत घातली. बुरशीचे ठिपके कोमट पाण्यात साबणाचा थेंब घालून, पिळलेल्या फडक्याने गेले. मग सावलीत सुकवून कंडिशनर. उन्हात ठेवू नका, एका दुपारीत तडा जातो.

आणि प्लास्टिकचं कव्हर काढून टाका. ताडपत्रीखाली गाडी रात्रभर घामेजते. गाडी छपराखाली उभी असेल तर सुती कव्हर पुरे, नसेल तर निदान पावसाच्या उघडिपीत ते काढून दारं अर्धा तास उघडी ठेवा.

यंदाच्या पावसाळ्यात मी पायाखालच्या फोमवर कागद अंथरून ठेवले होते. डावीकडचा कागद कोरडा निघाला, तारीखसुद्धा वाचता येते. मडगार्डच्या टोकावर बोट फिरवलं, गुळगुळीत. उजवीकडे मात्र नवरात्रात दाराच्या पुढे, त्याच उंचीवर, पहिला वाटाणा उठलाय. ते मडगार्ड दिवाळीनंतर उतरवणार आहे. खालच्या बोल्टांना आतापासून रोज संध्याकाळी तेल घालतोय.